जुन्या संगणकाचा टीव्ही रेकॉर्डिंग सर्व्हर: बडोद्याच्या अगाशीपासून सासूबाईंच्या टीव्हीपर्यंत

आषाढीला पंढरपूरची शासकीय महापूजा पहाटे अडीचच्या सुमारास असते आणि सह्याद्री वाहिनी ती थेट दाखवते. आमच्या सासूबाईंचं वय आता अठ्ठ्याहत्तर. रात्री दोनला उठून बसणं त्यांना झेपत नाही, आणि मोबाइलवर नंतर बघणं त्यांना पटत नाही. "विठोबा एवढासा बघायचा का गं?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी माळ्यावरचा जुना डेस्कटॉप खाली काढला.

पहिल्या वर्षी फजिती झाली, ती पुढे सांगतेच. आता हा संगणक दांडिया बाजारातल्या आमच्या घरात रात्रंदिवस चालू असतो. ठरलेल्या वेळी ठरलेली वाहिनी रेकॉर्ड करतो आणि घरातल्या कुठल्याही टीव्हीवर दाखवतो. मला हे जमायला तीन महिने लागले. त्यातला जेमतेम आठवडा सॉफ्टवेअरवर गेला, बाकी सगळा वेळ अगाशीवर, म्हणजे गच्चीवर. म्हणून या लेखातही अगाशीलाच जास्त जागा दिली आहे.

आधी हे समजून घ्या: काय रेकॉर्ड होतं, काय नाही

पैसे भरून घेतलेली डीटीएच किंवा केबल या पद्धतीनं रेकॉर्ड होत नाही. ते सिग्नल कुलूपबंद असतात आणि किल्ली कंपनीच्या डब्यातच राहते. माळ्यावर पीसीआयचं जुनं टीव्ही ट्यूनर कार्ड सापडलं तर त्याचाही मोह धरू नका. ती कार्डं अ‍ॅनालॉग केबलसाठी होती, आणि केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यात, २०१३ मध्ये, बडोदा आलंच. मी असं एक कार्ड पुसून-बिसून लावलं होतं. त्यावर फक्त मुंग्या दिसल्या.

आपल्या कामाची आहे ती दूरदर्शनची फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावानं सुरू झालेली ही सेवा आज जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. महिन्याचं भाडं नाही. बहुतेक वाहिन्या उघड्या आहेत, म्हणजे सिग्नल मिळाला की संगणक तो जसाच्या तसा डिस्कवर उतरवून घेतो. सह्याद्री त्यात आहेच. खासगी मराठी वाहिन्या येतात-जातात, त्याचं कारण सहाव्या पायरीत.

रेकॉर्डिंग घरच्या बघण्यापुरतं ठेवा. ते इंटरनेटवर चढवायचं नाही.

लागणारं सामान

- संगणक: दहा-बारा वर्षांचा जुनाही चालतो. इथे चित्र नव्यानं बनवायचं नसतं, आलेला प्रवाह फक्त साठवायचा असतो. ४ जीबी रॅम पुरे.
- डीव्हीबी-एस२ ट्यूनर, म्हणजे डिशचा सिग्नल संगणकात घेणारं यंत्र: यूएसबीचा किंवा पीसीआय एक्स्प्रेसचा. नुसता 'डीव्हीबी-एस' लिहिलेला घेऊ नका, काही वाहिन्या एस२ वर असतात. डीव्हीबी-टी किंवा सी लिहिलेला तर अजिबात नको.
- दोन फुटी डिश आणि दोन तोंडांचा युनिव्हर्सल एलएनबी (डिशच्या दांड्यावर बसणारा, सिग्नल पकडणारा डबा), ज्यावर ९७५०/१०६०० छापलेलं असतं.
- आरजी-६ केबल आणि एफ कनेक्टर. कनेक्टर चार जास्तच घ्या, दोन वाया जातात.
- रेकॉर्डिंगसाठी वेगळी हार्डडिस्क. सीसीटीव्हीवाले वापरतात ती सर्वात बरी, कारण ती सतत लिहिण्यासाठीच बनवलेली असते.
- छोटा यूपीएस.
- फ्री डिशचा साधा सेट-टॉप बॉक्स: असेल तर सोन्याहून पिवळं, नसेल तर शेजाऱ्यांकडून दोन दिवसांसाठी मागून आणा.

१. अगाशीवर डिश बसवणं

जीसॅट-१५ पूर्वेला ९३.५ अंशांवर आहे. बडोद्यातून तो दिसतो कंपासवर सुमारे १३६ अंशांवर, म्हणजे जवळजवळ नेमका आग्नेयेला, आणि क्षितिजापासून साधारण ५५ अंश उंचीवर. आपल्याकडे कंपासची उत्तर आणि खरी उत्तर यांत नगण्य फरक आहे, त्यामुळे मोबाइलमधला कंपास चालतो. फक्त तो लोखंडी कठड्याला किंवा पाण्याच्या टाकीच्या स्टँडला खेटून धरू नका. मी धरला होता, आणि माझी आग्नेय वीस अंशांनी दक्षिणेला सरकली होती.

डिशच्या तोंडाकडे बघून उंची ठरवायला गेलात तर फसाल. घरगुती डिश ऑफसेट असते. ती ५५ अंशांवर बघत असताना डोळ्यांना बरीचशी उभीच दिसते. मागच्या पट्टीवर अंश कोरलेले असतात, ते बघून लावा. आग्नेयेला शेजाऱ्यांचा मजला, आंब्याचं झाड किंवा वाळत घातलेल्या गोधड्या यांतलं काही आडवं येत नाही ना, हेही आधी बघा. पानांमधून सिग्नल येत नाही. हिवाळ्यात आला तरी पावसाळ्यात पालवी दाटली की जातो.

तिसरा कोन बहुतेकजण विसरतात, तो म्हणजे एलएनबीचा स्वतःचा पीळ. उपग्रह आपल्या डोक्यावरच्या रेषेपासून बराच पूर्वेला असल्यामुळे त्याचं 'उभं' आणि आपलं 'उभं' सारखं नसतं. बडोद्यात एलएनबी साधारण ४० अंश फिरवावा लागतो. पकड ढिली करून हळूहळू फिरवा आणि आकडा सर्वात वर जाईल तिथे आवळा.

कोणता आकडा, हे महत्त्वाचं. आमच्याकडे आलेल्या डिशवाल्या भाईंनी पाच मिनिटांत काम उरकलं आणि बॉक्सच्या पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बेन, सिग्नल फुल छे." फुल होतंच. वरची पट्टी ९० वर होती, खालची शून्यावर. वरची पट्टी स्ट्रेंग्थ, म्हणजे केबलमधून काहीतरी येतंय एवढंच. खालची क्वालिटी, म्हणजे उपग्रह खरंच सापडलाय. डिश आभाळाकडे कुठेही तोंड करून ठेवली तरी वरची पट्टी भरते. तुम्ही फक्त खालच्या पट्टीकडे बघा.

क्वालिटी आली तरी लगेच खाली उतरू नका. ९५ अंशांवर, अगदी शेजारीच, दुसरा उपग्रह आहे. डिश दीड अंश जरी पुढे गेली तरी त्याचा सिग्नल येतो आणि मग स्कॅनमध्ये सगळ्या वाहिन्या कुलूपबंद निघतात. फ्री डिशच्या वाहिन्या प्रत्यक्ष पडद्यावर चालताना बघा आणि मगच नट आवळा. नट आवळतानाही डिश सरकते, म्हणून आळीपाळीनं थोडं थोडं आवळा आणि कुणाला तरी खाली पट्टीसमोर बसवा. आमच्याकडे सासूबाई बसल्या होत्या. खालून "वाढलं... वाढलं... अगं गेलं!" असं अर्धा तास चाललं होतं.

२. केबल आणि कनेक्टर

एफ कनेक्टर लावताना जाळीची एखादी तार मधल्या तांब्याच्या तारेला चिकटली तर शॉर्ट होतो आणि एलएनबीला वीजच पोहोचत नाही. नखानं जाळी मागे वळवा, उजेडात धरून बघा, मगच कनेक्टर फिरवा. मधली तार कनेक्टरच्या काठाबाहेर दोन-तीन मिलिमीटर यायला हवी. अगाशीवरचा जोड रबराच्या टेपनं गुंडाळा, आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोका द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथून ठिबकून जातं.

एका एलएनबीच्या एकाच तारेला स्प्लिटर लावून बॉक्स आणि संगणक दोन्ही जोडायचा मोह होतो. तसं करू नका. उभ्या पोलरायझेशनला (लहरींच्या दिशेला) १३ आणि आडव्याला १८ व्होल्ट असा निरोप एलएनबीला त्याच तारेतून जातो. दोघांनी एकाच वेळी दोन निरोप धाडले की भांडण ठरलेलं. दोन तोंडांचा एलएनबी त्यासाठीच घ्यायचा.

३. ट्यूनर आणि लिनक्स

लिनक्सची उबंटू किंवा डेबियन यांपैकी कुठलीही आवृत्ती टाका. विंडोजवरही हे होतं, पण महिनोन्‌महिने न बघता चालू ठेवायच्या यंत्रावर मला मधेच अपडेट घेऊन रीस्टार्ट होणारी व्यवस्था नको होती.

ट्यूनर विकत घेण्याआधी त्याचं नाव लिनक्सटीव्हीच्या विकीवर शोधा. ज्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, आहे तो घ्या. माझा डीव्हीबीस्काय एस९६० तसा आहे. टीबीएसची कार्डं उत्तम, पण त्यांतल्या बऱ्याच कार्डांना कंपनीचा वेगळा ड्रायव्हर बांधून घ्यावा लागतो. कर्नल बदलला की तो पुन्हा बांधायचा, आणि हे आठवतं नेमकं रेकॉर्डिंग चुकल्यावर.

ट्यूनर जोडल्यावर 'डेव्ह' फोल्डरमध्ये 'डीव्हीबी' आणि त्यात 'अ‍ॅडाप्टर०' दिसलं पाहिजे. ते दिसतं पण काही पकडत नाही, असं झालं तर कर्नलचा लॉग वाचा. बहुधा फर्मवेअरची (ट्यूनरच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरची) फाइल सापडत नसल्याची ओळ असेल. लिब्रेइलेक प्रकल्पाच्या डीव्हीबी फर्मवेअर संग्रहातून ती फाइल घेऊन 'लिब'मधल्या 'फर्मवेअर' फोल्डरमध्ये ठेवा. मग ट्यूनर यूएसबीतून आणि त्याच्या अ‍ॅडाप्टरमधूनही काढून पुन्हा लावा. नुसता रीस्टार्ट पुरत नाही.

अ‍ॅडाप्टरवरून आठवलं: यूएसबी ट्यूनरसोबतचा वेगळा पॉवर अ‍ॅडाप्टर लावलाच पाहिजे. एलएनबीला लागणारी वीज यूएसबीच्या ५ व्होल्टमधून निघत नाही.

४. डिस्क

सह्याद्रीसारख्या साध्या वाहिनीचा प्रवाह सेकंदाला ३ मेगाबिट धरला तर तासाला सुमारे १.३५ जीबी होतात. म्हणजे १ टीबीवर सातशेहून अधिक तास मावतात.

रेकॉर्डिंगची डिस्क फाइल सिस्टिमच्या यादीत तिच्या यूयूआयडीनं (कायमच्या ओळख क्रमांकानं) नोंदवा आणि संगणक सुरू होताना ती आपोआप जोडली जाते ना, हे एकदा बंद-चालू करून बघा. ती जोडली गेली नाही तर सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे मूळ डिस्कवर, मुकाट्यानं लिहीत राहतं. मूळ डिस्क भरली की अख्खा संगणक आडवा होतो. पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्डावर रेकॉर्डिंग करू नका, ती लवकर मरतात.

५. टीव्हीहेडएंड बसवणं

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन मोठी नावं आहेत, मिथटीव्ही आणि टीव्हीहेडएंड. मिथटीव्ही जुना आणि भरगच्च आहे, जाहिराती ओळखण्याचाही प्रयत्न करतो, पण त्याला डेटाबेस लागतो आणि नवख्याला त्याची मांडणी चक्रव्यूहासारखी वाटते. मी टीव्हीहेडएंड घेतला. सगळं ब्राउझरमधून होतं.

सर्वात सोपा मार्ग डॉकरचा, म्हणजे सॉफ्टवेअर तयार डब्यात बंद करून चालवण्याचा. लिनक्ससर्व्हरचं तयार इमेज मिळतं. त्याला पाच गोष्टी द्यायच्या: ट्यूनरचं 'डीव्हीबी' फोल्डर, मांडणी साठवायचं फोल्डर, रेकॉर्डिंगचं फोल्डर, ९९८१ आणि ९९८२ ही दोन पोर्टं, आणि टाइमझोन 'एशिया/कोलकाता'. पाचवी गोष्ट मी दिली नव्हती. त्याबद्दल सातव्या पायरीत.

मग त्याच घरातल्या दुसऱ्या संगणकावरून सर्व्हरचा पत्ता आणि ९९८१ टाकून उघडा. पहिल्याच फेरीत अ‍ॅडमिनचं नाव आणि पासवर्ड ठेवा. राउटरमध्ये सर्व्हरला कायमचा पत्ता बांधून द्या, नाहीतर वीज गेली-आली की पत्ता बदलतो आणि टीव्हीवर काही सापडत नाही. राउटरमधून ही पोर्टं बाहेरच्या जगाला मात्र उघडून देऊ नका.

६. वाहिन्या शोधणं

टीव्हीहेडएंडमध्ये क्रम असा: डीव्हीबी-एस नेटवर्क तयार करा, ट्यूनर चालू करून त्याला युनिव्हर्सल एलएनबी आणि ते नेटवर्क जोडा, म्युक्स भरा, स्कॅन करा, सापडलेल्या सर्व्हिसेस वाहिन्यांना जोडा. हा शेवटचा 'मॅप'चा टप्पा राहिला तर स्कॅन उत्तम होऊनही वाहिन्यांची यादी कोरी दिसते.

म्युक्स म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर बांधलेली वाहिन्यांची मोळी. सोबत येणाऱ्या तयार याद्या बऱ्याचदा शिळ्या असतात. म्हणून सेट-टॉप बॉक्स हवा. त्याच्या मेनूत प्रत्येक मोळीची फ्रिक्वेन्सी, पोलरायझेशन आणि सिम्बॉल रेट (प्रवाहाचा वेग) लिहिलेला असतो. वहीत उतरवून घ्या.

आता सगळ्यात चोरटा सापळा. बॉक्स दाखवतो ११०९० आणि २९५००. टीव्हीहेडएंडला मात्र फ्रिक्वेन्सी किलोहर्ट्झमध्ये आणि सिम्बॉल रेट पूर्ण आकड्यात हवा असतो, म्हणजे ११०९०००० आणि २९५०००००. दोन्हींवर तीन-तीन शून्यं चढवायची. मी एका संध्याकाळी चौदा वेळा स्कॅन केलं, प्रत्येक वेळी 'फेल'. अगाशीवर जाऊन चांगली बसलेली डिशही हलवून आले. चूक तीन शून्यांची होती.

एका ट्यूनरवर एका वेळी एकच मोळी पकडता येते. त्या मोळीतल्या मात्र कितीही वाहिन्या एकदम रेकॉर्ड होतात. सासूबाईंचं कीर्तन आणि सासऱ्यांच्या बातम्या वेगवेगळ्या मोळ्यांवर, एकाच वेळी असतील, तर दोन ट्यूनर किंवा एक तह लागेल. आमच्याकडे तह आहे.

दर एप्रिलमध्ये स्कॅन पुन्हा करायचं. फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्यांच्या जागा प्रसार भारती ई-लिलावानं देते आणि त्यांचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असं चालतं. त्या सुमारास काही वाहिन्या जातात, काही दुसऱ्या मोळीत सरकतात. एक एप्रिलला आवडती वाहिनी काळी दिसली तर डिशला हात लावू नका, आधी स्कॅन करा.

७. घड्याळ आणि टायमर

परदेशातल्या मार्गदर्शकांत लिहिलेलं असतं की कार्यक्रमपत्रिकेतून कार्यक्रम निवडा आणि रेकॉर्डचं बटण दाबा. माझ्याकडे बहुतेक वाहिन्यांची पत्रिका रिकामी येते. त्यामुळे आपल्याला घड्याळावर चालावं लागतं. टीव्हीहेडएंडच्या 'टायमर्स' या पानावर वाहिनी, सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ आणि वार भरले की झालं.

आता पहिल्या वर्षाची गोष्ट. आषाढीच्या आदल्या रात्री मी टायमर लावला: दोन ते पाच. सकाळी नऊला सासूबाई आंघोळ करून, हळदीकुंकवाचं ताट घेऊन टीव्हीसमोर बसल्या. यादीत रेकॉर्डिंग होतं, मी लावलं, आणि पडद्यावर एक गृहस्थ वांग्यावरच्या किडीबद्दल बोलत होते. सासूबाईंनी दोन मिनिटं वाट बघितली. मग म्हणाल्या, "अगं, विठोबा कुठंय?"

डॉकरच्या आतलं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर होतं. त्याचे दोन वाजले तेव्हा आपले साडेसात झाले होते. महापूजा होऊन गेली होती आणि वांगी तेवढी डिस्कवर उतरत होती. गंमत म्हणजे ब्राउझरमधली पानं तुमच्या संगणकाची वेळ दाखवतात, म्हणून सगळं बरोबर वाटतं. 'टायमर्स'मधली वेळ मात्र सर्व्हर आपल्या घड्याळानं वाचतो. टाइमझोन दिल्यावर पाच मिनिटांचा टायमर लावून एकदा खात्री करा. मोलाचं रेकॉर्डिंग असेल त्या दिवशी तर करायचीच.

दोन्ही बाजूंना वेळ सोडा. मी रोजच्या कार्यक्रमाला आधी ५ आणि नंतर १५ मिनिटं ठेवते, थेट प्रक्षेपणाला नंतर तासभर. डिस्क स्वस्त आहे. जुनं आपोआप पुसलं जाण्याची मुदतही प्रोफाइलमध्ये ठरवता येते, माझी ३० दिवसांची आहे.

८. टीव्हीवर बघणं

अँड्रॉइड टीव्हीवर कोडी हे बघण्याचं सॉफ्टवेअर टाका, त्यात टीव्हीहेडएंडचं एचटीएसपी अ‍ॅड-ऑन चालू करा, सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट ९९८२ द्या. बघणाऱ्यांसाठी वेगळं खातं काढा, ज्याला पुसण्याची मुभा नाही. आमच्याकडे नातवानं एकदा आजीची आठ कीर्तनं उडवली होती. चित्रात हलणाऱ्या गोष्टींच्या कडा कंगव्यासारख्या दिसल्या तर कोडीत डीइंटरलेस चालू करा.

९. वीज, पाणी आणि पतंग

जुना डेस्कटॉप सरासरी ६० वॉट खातो असं धरलं तर महिन्याला ४३ युनिट होतात. १० वॉटच्या छोट्या पीसीवर तेच काम ७ युनिटमध्ये होतं. आधी जुन्यावर जमवा, सवय लागली की छोटा घ्या. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मेनूत) 'वीज आल्यावर आपोआप सुरू हो' हा पर्याय शोधून चालू करा.

संगणक तळमजल्यावर जमिनीलगत ठेवू नका. ३१ जुलै २०१९ चा पाऊस आणि ऑगस्ट २०२४ मधला विश्वामित्री नदीचा पूर ज्यांनी बघितला त्यांना कारण सांगायला नको. आमचा माळ्याखालच्या फळीवर आहे, वारा लागेल असा. मुसळधार पावसात सिग्नल काही मिनिटं जातो, त्यावर घरगुती उपाय नाही. रोजच्या सरीतही जात असेल तर मात्र डिश नीट बसलेली नाही.

आणि उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत. १४ जानेवारीला अगाशीवर वीस माणसं, दोन स्पीकर आणि उंधियोचं पातेलं असतं. कुणीतरी डिशला टेकतं, कुणाचा मांजा एलएनबीच्या दांड्याला अडकतो आणि तो ओढला जातो. मी आता आदल्या दिवशी डिशच्या मागच्या पट्टीवर आणि खांबावर पक्क्या मार्करनं जुळणाऱ्या रेघा मारते, खांबाभोवती दोन मोडक्या खुर्च्या उलट्या लावते आणि क्वालिटीचा आकडा वहीत लिहून ठेवते. वासी उत्तरायण, म्हणजे दुसरा दिवस, उलटलं की सोळा तारखेला सकाळी वर जायचं, दांड्यावरचा मांजा कात्रीनं कापून काढायचा, रेघा जुळवायच्या आणि खालून आवाजाची वाट बघायची. यंदा सासूबाईंनी दुसऱ्याच मिनिटाला सांगितलं, "आलं गं, ये खाली, चहा गार होतोय."